विजेची गळती ऐकताना: क्रिस्टिना कुबिश आणि तांब्याची एक कॉइल

आसपासच्या उपकरणांची चुंबकीय क्षेत्रं तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने, म्हणजे कॉइलने, पकडून ऐकवणारे ध्वनिकलाकार क्रिस्टिना कुबिश यांचे हेडफोन घालून शहरात फिरून आलेली माणसं सर्रास सांगतात, ‘आम्ही वायफाय ऐकलं.’ काहीतरी ऐकलं हे खरं, पण ती वायफायची लहर नव्हे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा त्या हेडफोनमधल्या कॉइलला पत्ताही नसतो. ऐकू येते ती राउटरची धाप. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश सोडतो. त्या क्षणी त्याचा ट्रान्समीटर जास्त करंट ओढतो, आतल्या वायरींभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हिसका खातं आणि कॉइलमध्ये ‘टक’ उमटतो. सेकंदाला जवळपास दहा टक. ही लय एकदा ओळखीची झाली की डोळे मिटूनही राउटर सापडतो.

कुबिश यांच्या कामाबद्दल ‘अदृश्य लहरींचं संगीत’ छापाचं बरंच लिहिलं जातं. त्यात चूक काही नाही, पण त्यातून हातात काही पडत नाही. त्यांचं साहित्य म्हणजे गळती. यंत्राने जे बाहेर सोडायचं नव्हतं आणि तरी सुटलं, ते. आणि या गळतीचा बराचसा भाग मुळातच आपल्या कानाच्या पट्ट्यात, म्हणजे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झमध्ये असतो. त्यामुळे रूपांतर, डिकोडिंग, कॉम्प्युटर यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. एक कॉइल, एक अॅम्प्लिफायर, एक हेडफोन. बाकी सगळी करामत कॉइल कुठे आणि कशी धरली यात आहे.

कुबिश १९४८ साली ब्रेमेनमध्ये जन्मल्या. चित्रकला आणि बासरी शिकल्यावर मिलानमध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचंही शिक्षण घेतलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी टेलिफोनचा एक छोटा अॅम्प्लिफायर घेतला. रिसीव्हर हातात न धरता बोलणं ऐकता यावं म्हणून असे डबे तेव्हा मिळत. तो पिशवीत चालू राहिला, त्या प्रयोगशाळेत शिरल्या आणि पिशवीतून आवाज येऊ लागले. आत फोनचं चुंबकीय क्षेत्र पकडणारी कॉइल होती आणि प्रयोगशाळेत क्षेत्रांचा सुकाळ. पुढची वीसेक वर्षं त्यांनी उलट्या बाजूने काम केलं: जागेत वायरी टांगायच्या, त्यांतून स्वतः रचलेले आवाज सोडायचे आणि प्रेक्षकांना कॉइलवाले हेडफोन देऊन वायरींमधून फिरू द्यायचं. तोपर्यंत बाहेरून घुसणारी विजेची घरघर हा उपद्रव होता, ती गाळून टाकायची असे. जसजशी शहरं उपकरणांनी भरली तसतसा हा उपद्रव वाढत गेला. मग तोच विषय करायचा असं ठरवून त्यांनी जास्त संवेदनशील हेडफोन बनवून घेतले. २००४ पासून ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’ सुरू आहेत: नकाशावर खुणा, कानावर हेडफोन, आणि तुम्ही तुमच्या चालीने फिरायचं.

टेलिफोनची ही गळती पूर्वीपासून कामाची होती. श्रवणयंत्रात ‘टी-कॉइल’ असते ती याच गळतीवर जगते. जुन्या रिसीव्हरमधून चुंबकीय क्षेत्र भरपूर सुटायचं, श्रवणयंत्र ते थेट पकडायचं. सुधारलेल्या रिसीव्हरांमधून ते कमी सुटू लागलं तशी कमी ऐकणाऱ्यांची पंचाईत झाली, आणि अमेरिकेत १९८८ साली कायदाच करावा लागला की फोन श्रवणयंत्राशी जुळलाच पाहिजे. अभियंत्यांच्या लेखी जो दोष, तो कायद्याने राखून ठेवायला लावला!

हे ऐकणं स्वतः करून पाहायचं तर आता हत्यार. सगळ्यात स्वस्त आणि बिनघोर मार्ग म्हणजे टेलिफोन पिकअप कॉइल: मागे रबरी चोषक, पुढे वायर आणि ३.५ मिलिमीटरचा जॅक. फोनवरचं बोलणं टेप करायला ती विकली जायची, अजूनही मिळते. ती नसेल तर साधा इंडक्टर (गाभ्यावर गुंडाळलेली तयार कॉइल) घ्यावा, ४७ ते १०० मिलिहेन्री, उघड्या फेराइट दांड्यावर किंवा डमरूच्या आकाराच्या गाभ्यावर गुंडाळलेला. ‘उघड्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. रिंगच्या आकाराचा टोरॉइड आणि शील्ड केलेला इंडक्टर बाहेरचं क्षेत्र आत येऊ नये म्हणूनच बनवलेले असतात. ते लावून ‘काहीच ऐकू येत नाही’ म्हणणारे कमी नाहीत. जुन्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइलही चालते, पण ५ व्होल्टची नको, २४ व्होल्टची घ्या. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ७० ओहमच्या आसपास असते, २४ व्होल्टची १६०० च्या. जास्त ओहम म्हणजे बारीक तार आणि जास्त वेढे, आणि आपल्याला हवेत ते वेढेच. रिलेचं कवच फोडून वरची हलणारी लोखंडी पट्टी काढून टाका, नाहीतर ती क्षेत्राला गाभ्याच्या आतल्या आतच फिरवते.

कॉइल थेट रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावता येते, मात्र बहुतेक छोटे रेकॉर्डर त्या जॅकवर माइकसाठी २.५ व्होल्टच्या आसपास वीज सोडतात. मेनूमध्ये प्लग-इन पॉवर बंद करा. तो पर्याय नसेल तर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कॉइलला सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडा, धन टोक रेकॉर्डरकडे. तसं नाही केलं तर कॉइलमधून सतत डीसी वाहत राहतो, जॅक हलला की धाडकन आवाज येतो आणि रेकॉर्डरच्या त्या पुरवठ्याचा खरखराट सगळ्यावर पसरतो.

स्वतंत्र अॅम्प्लिफायर करायचा असेल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि ओपीए२१३४ हा ऑपअॅम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) पुरे. टीएल०७२ सुद्धा चालेल, फक्त पाठीमागची सूं सूं वाढेल. दोन १० किलोओहमचे रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून निम्म्या व्होल्टेजचा मधला बिंदू तयार करा. कॉइलचं एक टोक त्या बिंदूला. दुसरं टोक १ किलोओहममधून ऑपअॅम्पच्या प्लस इनपुटला, आणि त्या इनपुटपासून ग्राउंडला ४७० पिकोफॅरड. हे दोघे मिळून साधारण ३४० किलोहर्ट्झच्या वरचं कापू लागतात. ते गाळलं तर जवळचं रेडिओ केंद्र कॉइलमध्ये बोलू लागण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटपासून मायनस इनपुटला, १०० किलोओहम, मायनस इनपुटपासून ग्राउंडकडे १ किलोओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरड. गेन, म्हणजे सिग्नल मोठा होण्याचं प्रमाण, १०१ पट, म्हणजे ४० डेसिबल. एवढ्या गेनला ओपीए२१३४ ८० किलोहर्ट्झपर्यंत साथ देतो. याचा उपयोग पुढे येईल. आउटपुटला १० मायक्रोफॅरड, तिथून रेकॉर्डरच्या लाइन इनला. हेडफोन चालवायचा तर पुढे एलएम३८६ जोडा, गेन २० वरच ठेवा. पिन १ आणि ८ मध्ये कपॅसिटर टाकून तो २०० करण्याचा मोह टाळा. त्याचा स्वतःचा आवाज तेवढाच वाढतो.

आता ती गोष्ट, जी सर्किटच्या चित्रात दिसत नाही. कॉइलमध्ये तयार होणारं व्होल्टेज क्षेत्र किती आहे यावर नाही, ते किती वेगाने बदलतंय यावर ठरतं. त्यामुळे सारख्याच ताकदीच्या क्षेत्रात ५० हर्ट्झच्या मानाने ५००० हर्ट्झ शंभरपट, म्हणजे ४० डेसिबलने मोठा ऐकू येतो. चार्जरची किणकिण कान फोडते आणि मेन्सची (घरातल्या विजेची) भुणभुण तिच्यामागे दबते, ती यामुळे. यावर उपाय म्हणजे कॉइलला समांतर रेझिस्टर. १०० मिलिहेन्रीच्या कॉइलवर १० किलोओहम लावला तर ही चढण १६ किलोहर्ट्झपर्यंत चालू राहते. १ किलोओहम लावला, आणि कॉइलचा स्वतःचा रोध २०० ओहम धरला, तर ती १.९ किलोहर्ट्झपाशीच थांबते आणि तिथून वर सपाटी येते. खालची भुणभुण वाढत नाही, वरचा किणकिणाट खाली येतो. एका छोट्या स्विचने दोन्ही रेझिस्टर आलटून पालटून घ्यावेत. एकाच चार्जरचे दोन स्वभाव ऐकू येतात.

रेझिस्टर अजिबात लावला नाही तर वेगळीच अडचण. दीड मीटर शील्ड वायरचा कपॅसिटन्स साधारण १५० पिकोफॅरड, त्यात आपलेच ४७० मिळवा. १०० मिलिहेन्रीबरोबर ही जोडी २० किलोहर्ट्झच्या जवळपास घुमते. वायर दहा मीटर केली की घुमारा १३ किलोहर्ट्झवर उतरतो आणि प्रत्येक टकटकीला शिट्टीचं शेपूट लागतं. पुष्कळ जण ती शिट्टी उपकरणाची समजतात. खातरजमा सोपी आहे: दोन वेगळ्या उपकरणांपाशी ऐका, शिट्टीचा सूर तोच राहिला तर ती तुमच्या कॉइलची. १० किलोओहमने ती बसते.

दुसरा हमखास घोटाळा म्हणजे कर्कश किंचाळी. हेडफोनच्या आतही चुंबक आणि व्हॉइस कॉइल आहेच, म्हणजे तोही क्षेत्र सोडतो. आपली कॉइल ते पकडते, अॅम्प्लिफायर मोठं करतो, हेडफोन पुन्हा सोडतो. कॉइल हातात आणि हेडफोन डोक्यावर असेल तर सहसा निभावतं. कुबिश यांच्यासारख्या हेडफोनच्या वाटीतच कॉइल बसवायच्या असतील तर कॉइल स्पीकरच्या कडेला, त्याच्याच पातळीत ठेवा आणि तिचा अक्ष स्पीकरच्या मध्याकडे रोखा. त्या जागी स्पीकरचं क्षेत्र कॉइलच्या अक्षाला काटकोनात जातं, म्हणून पकड जवळजवळ शून्य होते. दोन-चार मिलिमीटर सरकवून किंचाळी थांबते ती नेमकी जागा शोधायची आणि मगच गोंद लावायचा. ब्लूटूथ हेडफोन इथे नकोतच. उशीर होतो तो होतोच, शिवाय तो स्वतः सेकंदाला १६०० वेळांपर्यंत चॅनेल बदलत करंटचे हिसके देत असतो.

रेकॉर्डरही निरागस नसतो. त्याचा स्क्रीन, मेमरी कार्डवरचं लिहिणं, आतला व्होल्टेज कन्व्हर्टर, सगळे गळतात. कॉइल त्याच्यापासून निदान अर्धा मीटर दूर हवी. रेकॉर्डर हातात धरून आणि कॉइल त्यालाच चिकटवून फिरणाऱ्याच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये एकच बारीक सूर सापडतो, मग जागा कोणतीही असो. लेव्हल आपोआप लावणारी सोय बंद करा. ती शांततेला फुगवते आणि हिसक्याला दाबते, म्हणजे नेमका जीव काढून घेते.

फिरताना अंतराचं गणित डोक्यात असू द्या. एकट्या वायरीभोवतीचं क्षेत्र अंतराच्या प्रमाणात घटतं. जाणारी आणि येणारी वायर शेजारी असतील तर अंतराच्या वर्गाने. छोट्या ट्रान्सफॉर्मरसारख्या वस्तूचं घनाने: अंतर दुप्पट केलं की आठवा हिस्सा उरतो, १८ डेसिबल खाली. म्हणून चार्जरवर कॉइल टेकवली तर गर्जना आणि एक वीत मागे घेतली तर कुजबुज. हात हळू चालवायचा, एका उपकरणावर सेंटिमीटर-सेंटिमीटरने. याउलट रेल्वेत करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो, म्हणजे कित्येक मीटर उंच आणि लांबच लांब वेटोळंच झालं. ते फलाटावर कुठेही ऐकू येतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या मुख्य रेल्वेमार्गांवर १६.७ हर्ट्झची वीज असते. तो मूळ सूर कानाच्या खाली राहतो, आपण ऐकतो ते त्याचे वरचे पट. गाडी सुटताना तिच्या मोटारींना वीज पुरवणारा इन्व्हर्टर आपली वारंवारता बदलत जातो आणि सूर पायऱ्या चढल्यासारखा वर सरकतो. वॉकमध्ये या आवाजाला दाद मिळाली तर ती रास्तच आहे.

घरातल्या वायरीतून येणारी भुणभुण खोलीभर सारखीच ऐकू येत असेल, कुठे गेलं तरी कमी होत नसेल, तर जाणारा आणि येणारा करंट एका वाटेने चाललेला नाही असं समजा. कुठेतरी न्यूट्रल चुकीच्या जागी जोडलेला असतो किंवा करंट पाइपातून परतत असतो. हा कलेचा विषय नव्हे, इलेक्ट्रिशियनचा. नेटवर्कची केबल मात्र जवळजवळ गप्प असते, कारण तिच्या जोड्या पिळलेल्या असतात. ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली पेटंट घेतलेली ती युक्ती, शेजारच्या लाइनवरचं बोलणं आपल्या लाइनवर येऊ नये म्हणून. एका पिळात जे उमटतं ते पुढच्या पिळात उलटं उमटून कटतं.

कॉइलला दिशा असते, हे हातात धरल्याबरोबर कळतं. अक्ष फिरवत गेलं की एका कोनात आवाज जवळजवळ नाहीसा होतो. या मुक्या कोनाचा वापर शिकणं म्हणजे निम्मी कला. मेन्सची भुणभुण नको असेल तर रेकॉर्डिंग झाल्यावर ५०, १००, १५०, २०० हर्ट्झवर फिल्टर ठोकत बसू नका; त्याने मागे पोकळ, डब्यातला आवाज उरतो. जागेवरच कॉइल फिरवून भुणभुण मुक्या कोनात टाका आणि दुसरं उपकरण ऐका. दोन कॉइल दोन कानांजवळ, पंधरा-वीस सेंटिमीटर अंतराने असतील तर डोकं वळवताच आवाज एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. एकाच कॉइलचा आवाज दोन्ही कानांत सोडून हे मिळत नाही.

कान तयार करायला काही जोड्या उपयोगी पडतात. ट्रान्सफॉर्मरपाशी आधी उघड्या कानाने ऐका, मग कॉइलने. ५० हर्ट्झच्या विजेवर उघड्या कानाला १०० हर्ट्झ ऐकू येतो, कारण गाभ्याचं लोखंड प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा ताणलं जातं. कॉइलला ५० ऐकू येतो. एकच वस्तू, दोन वाटांनी, बरोबर एका सप्तकाच्या फरकाने. चोकवाली ट्यूबलाइट आणि डिमरवरचा दिवाही असेच शेजारी शेजारी ऐकावेत. ट्यूबलाइटची भुणभुण गोल. डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात करंट मधूनच चालू करतो, त्या कापलेल्या कडेमुळे आवाज करवतीसारखा. डिमर फिरवत गेलं की करवतीचे दात बदलतात. जुन्या २जी फोनचा तो प्रसिद्ध ‘टिट-टिटिट’ म्हणजे ४.६१५ मिलिसेकंदांची फ्रेम, सेकंदाला सुमारे २१७ झटके. २जी बंद होत चाललंय तिथे हा आवाजही नाहीसा होतोय. कोणाच्या संग्रहात असेल तर जपून ठेवा.

दुकानाच्या दारातल्या चोरी रोखणाऱ्या फाटकांबद्दल मात्र सावध राहायला हवं. एका प्रकारची फाटकं ५८ किलोहर्ट्झचे छोटे स्फोट सोडतात, सेकंदाला काही डझन वेळा, आणि क्षेत्र जबरदस्त असतं. ५८ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाही, मग ढोलासारखे ठोके कुठून येतात? एवढ्या मोठ्या सिग्नलने अॅम्प्लिफायर हद्दीबाहेर जातो, वरची आणि खालची बाजू सारखी कापली जात नाही, आणि त्या वाकडेपणातून स्फोटांची लय कानाच्या पट्ट्यात उतरते. म्हणजे इथे तुम्ही अॅम्प्लिफायरचा दोषही ऐकत असता. वेगळ्या ऑपअॅम्पवर तेच फाटक वेगळं वाजतं. आवाज एकदम चढतो म्हणून दाराकडे जाण्याआधी व्हॉल्यूम खाली करा. हेडफोनच्या वायरीत ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवलेला बरा. आणि वायरी लोंबणारा घरगुती डबा घेऊन दुकानात किंवा स्टेशनात घुटमळायचं तर आधी विचारून घ्या. ऐकण्याने कुणाचं काही बिघडत नाही, डबा काही प्रक्षेपित करत नाही, पण पहारेकऱ्याला ते दिसत नाही.

फाटकाचा खरा सूर हवा असेल तर तो वटवाघळांच्या रेकॉर्डिंगच्या रीतीने काढता येतो. रेकॉर्डरचा सॅम्पलिंग रेट (सिग्नल सेकंदाला किती वेळा मोजायचा तो आकडा) १९२ किलोहर्ट्झवर लावा. कागदावर तो त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंत नोंदवतो. काहींचा इनपुट त्याआधीच गळपटतो, म्हणून लाइन इन वापरा, माइक इन नको. अॅम्प्लिफायरच्या ८० किलोहर्ट्झचा उपयोग तो हाच. फाटकापासून मागे सरकत जा आणि लेव्हल कुठेही कापली जात नाही अशा अंतरावर थांबा, सहसा दोन-तीन मीटर. कॉइलचा घुमारा २० किलोहर्ट्झला असेल तर त्याच्यावरचा सिग्नल ढासळतो, तेव्हा या कामापुरती १० मिलिहेन्रीची कॉइल आणि हातभर वायर घ्या, ४७० च्या जागी ४७ पिकोफॅरड लावा. मग फाइल आठपट हळू वाजवा. ५८ किलोहर्ट्झ ७.२५ वर येतो, आणि जो नुसता ठोका वाटत होता तो एक लखलखीत सूर निघतो. त्याच फाइलमध्ये त्याच्या खाली आजूबाजूच्या चार्जरांचे आणि दिव्यांचे मूळ सूरही सापडतात, प्रत्येकाचा वेगळा, आणि लोड बदलला की जागचे हलणारे.